पिंपावरचं फडकं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. द्राक्षं इतकी लख्ख धुतलीस की माझ्या काचेच्या बशीत एकही यीस्ट उगवलं नाही. अगं, सालीवरचं जे धुण्यात गेलं तेच मला हवं होतं. विकतच्या यीस्टने इथल्या वायनरीतली तांबडी वाईन दरवर्षी फिकी आणि एकाच चवीची होते. आपल्या मळ्यातलं यीस्ट रंग धरेल असं मला वाटतं. मालक म्हणतात, एवढा हंगाम बघू, नाहीतर पुन्हा विकतची पाकिटं.

पुन्हा पाठव, न धुता, न पुसता. इथे बोलायला कोणी नाही. रविवारीही प्रयोगशाळेत जातो. तिथे निदान काहीतरी वाढत असतं.

तुझी माया या वेंधळ्यावर राहू दे.
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

धुतल्याशिवाय कोणाला काही द्यायचं नाही, हे आईने माझ्या अंगी मुरवलंय. आता पाठवायला एक घडही नाही. तोडणी उरकली, माल गेला. तुला यायला जमेल असं वाटलं होतं, म्हणून तुझी गादी उन्हात घातली होती.

मी बरी आहे. आई गेल्यापासून जेवण उभ्याउभ्याच उरकते. एकटीसाठी कोण पाट मांडतंय?

तब्येतीला जप.
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येता आलं असतं, हे खरं. आईशिवायच्या घरात पाऊल टाकायचा धीर झाला नाही.

पण ऐक. द्राक्षं गुंडाळलेल्या फडक्यावर जांभळे डाग होते. बाकी काहीच हाताशी नव्हतं, म्हणून एक कोपरा कापून रसात टाकला. त्यातून बऱ्याच प्रकारचं यीस्ट उगवलं. काहींना कुजक्या अंड्याचा वास, काहींनी अर्ध्यावरच मान टाकली. एकाने मात्र सगळी साखर संपवली आणि रंग गडद ठेवला. त्याची वाईन मालकांनी चाखली आणि पेला पुन्हा पुढे केला. पाकिटं बंद.

सगळं धुणारी तू, हे एकच फडकं कसं विसरलीस? उरलेलं पोस्टाने पाठवू का?

राग धरू नकोस.
धाकटा

२७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कोपरा कापायला नको होतास. विसरले नव्हते रे. त्या फडक्याने आई आंबवायला ठेवलेल्या रसाचं पिंप झाकायची. तिच्या शेवटच्या हंगामानंतर मी ते साबणाजवळही नेलं नाही. तुझ्यापाशी तिचं काहीच नव्हतं, म्हणून द्राक्षं मुद्दाम त्यात बांधली. तुला ओळखू येणार नाही, हेही माहीत होतं.

पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये. गादी अजून रोज उन्हात घालते.

बाकीचं समोर बसून बोलू.
ताई