लघुग्रहाचे जन्मनक्षत्र

बंगळुरू, ४ जुलै २०२५

तीर्थरूप कामाक्षीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या वर्षीच्या मार्चात दुर्बिणीतून मला सापडलेला लघुग्रह आठवतो ना? मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला, दगडी, जेमतेम दोन किलोमीटरचा. तो हरवला आहे. चार रात्रींच्या नोंदींवरून मार्ग काढला होता, पण तिथे आता काहीच नाही. महिनाअखेरपर्यंत दिसला नाही तर अंधूक होत जाईल आणि माझा शोध कागदावरच राहील. फार वाईट वाटते आहे.

तुझ्या मोतीबिंदूचे काय ठरले?

लोभ आहे तसाच राहो.
तुझा शशांक

कुंभकोणम्, ९ जुलै

चि. शशांक यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र शेजारच्या गायत्रीने वाचून दाखवले. हे अक्षरही तिचेच. मोतीबिंदूचे विचारू नकोस. शहात्तराव्या वर्षी आणखी काय बघायचे राहिले आहे?

तुझ्या धोंड्याचे मात्र मनाला लागले. कुंभेश्वराच्या देवळात त्याच्यासाठी अर्चना करायला गेले, तर तिथल्या पुजारी गुरुक्कळांनी नाव, नक्षत्र, गोत्र विचारले. गोत्र आपलेच सांगितले. नाव अजून ठेवले नाही म्हटल्यावर ते हसले, पण नक्षत्र तरी हवेच म्हणाले. तेव्हा तो पहिल्यांदा दिसला ती वेळ कळव, आणि कुठल्या घड्याळाची तेही लिही. आपल्या रम्याचा मुलगा सूर्या अमेरिकेत जन्मला तेव्हा तिथली वेळ इथली समजून वर्षभर पोराची अर्चना भलत्याच नक्षत्रावर केली होती!

माया आहेच, पत्राने ती वाढवीत जा.
तुझी आत्या

बंगळुरू, १७ जुलै

तीर्थरूप आत्यास सा. न.

तुला वेळ कळवायची म्हणून मूळ नोंदी काढल्या आणि कपाळाला हात लावला. आम्ही सगळ्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेत लिहितो. तिसऱ्या रात्री मी आपल्या घड्याळाची वेळ लिहून बसलो होतो. साडेपाच तासांचा घोळ! गणित नव्याने केले, दुर्बीण जराशी बाजूला वळवली, आणि स्वारी तिथे निमूट चालली होती. मी चक्क रडलो गं.

पहिल्यांदा दिसला ११ मार्च २०२४ला, रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी, आपल्या घड्याळाची वेळ. सोबत फोटो आहे. बाणाच्या टोकाशी ठिपका दिसेल. मार्ग पक्का होऊन नाव सुचवायला बरीच वर्षे जातील. पण आपल्यात बारशाला नाव आत्याच ठेवते, तेव्हा तो मान तुझा.

आशीर्वाद असू दे.
तुझा शशांक

कुंभकोणम्, २४ जुलै

चि. शशांक यास अनेक आशीर्वाद.

उत्तराभाद्रपदा निघाले. अर्चना झाली, तो तुला सापडल्यानंतर झाली म्हणून काय झाले?

फोटोत बाण दिसला, ठिपका काही दिसेना. भिंग लावले, उन्हात धरला. गायत्री म्हणते, आहे. पण ज्याचे नाव ठेवायचे त्याचे तोंड आत्याने दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचे? मला नाही ते पटले. काल डॉक्टरांकडे जाऊन आले. बुधवारी शस्त्रक्रिया. वर्षे लागायची तेवढी लागू देत, मी आहे.

फोटो उशाशी ठेवला आहे. पट्टी सुटली की आधी तोच बघणार.

तुझी, त्याचीही,
आत्या