मामांची चाल

२ फेब्रुवारी, सोमवार

गाडीला गर्दी. येरमाळ्यापासून उभीच आले. धाराशिवला नाट्य विभागात पोचले तर भिंतीवर कला सप्ताहाचा कागद लागलेला. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. सकाळी व्याख्यान, दुपारी चित्रांचं प्रदर्शन, संध्याकाळी मंचावर काहीतरी. भारूड आहे, कविसंमेलन आहे, समूहगान आहे. शुक्रवारी आमची एकांकिका, 'गाडी थांबंल', तीच स्पर्धेची पहिली फेरी पण. सगळ्यात खाली ठळक अक्षरात: कार्यक्रम सर्वांसाठी खुले.

नाटक रेश्मानं लिहिलंय, बसवतेय पण तीच. तुळजापूरची पोरगी, वडिलांचं लॉज आहे. माझ्याच वर्गात शिकते, वय माझ्या लेकीपेक्षा, दीपापेक्षा कमी. मला काकू म्हणते, ओरडायची वेळ आली की काकू विसरते.

आज भूमिका वाटल्या. मला तात्या. म्हणजे नायक. सत्तरीचा म्हातारा! मला वाटलं चेष्टा करतायत. देशमाने सर म्हणाले, "वर्गातल्या एकाही पोराला म्हातारं होता येत नाही. मिशी लावली तरी आवाज बारकाच राहतो. तुमचा आवाज बघा की."

माझा आवाज. फोन उचलला की पलीकडचा म्हणतो, दादा, जरा वहिनींना द्या. लग्न ठरताना आई कानात सांगत होती, पाहुण्यांसमोर हळू बोल. तेव्हापासून हळूच बोलत आले. सर मात्र म्हणतात, हेच पाहिजे.

घरी अजून सांगितलं नाही.

५ फेब्रु., गुरुवार

तालीम. नाटक साधं आहे. गावाच्या फाट्यावर गाडी थांबायची बंद झालेली. सगळ्यांनी नाद सोडला, कुणी जीपनं जातं, कुणी जातच नाही. एकटा तात्या रोज शेळी घेऊन फाट्यावर उभा राहतो, गाडीला हात करतो. लोक हसतात. शेवटी गाडी थांबते. एवढंच. पण रेश्मानं लिहिलंय असं की मी लगेच परत पहिल्यापासून वाचलं.

बोलणं जमतंय. चालणं जमत नाही.

"काकू, तुम्ही बाईसारख्या चालताय."

"मी बाईच आहे, बाळा."

सगळे हसले. ओंकार सगळ्यात जास्त. तो कंडक्टर झालाय. तामलवाडीचा, शेतातलं उरकून येतो, बुटाला चिखल तसाच. रेश्मा हसली नाही. म्हणाली, "सोमवारपर्यंत चाल आणा."

कुठून आणू?

७ फेब्रु., शनिवार

मिळाली.

सकाळी मामा शेळ्या सोडत होते. मामा म्हणजे माझे सासरे. सगळी उमर मेंढरामागं गेली, आता मेंढरं नाहीत, चार शेळ्या आहेत. मी भाकरी थापत होते आणि दारातून दिसले. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले. डावा पाय जरा बाहेर फेकून. वळायचं असलं की आधी पूर्ण थांबतात, मग वळतात. घाई म्हणून नाहीच. इतकी वर्षं एका घरात राहते, हे कधी बघितलंच नव्हतं.

तव्यावरची भाकरी करपली. तशीच उठले, लाटणं खांद्यावर घेतलं आणि स्वयंपाकघरात चालून बघितलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा अंगात बसली.

मागं हे उभे. दुकानाची किल्ली विसरली म्हणून आलेले. (हायवेला टायरचं दुकान आमचं.)

"काय चाललंय?"

"अभ्यास."

मग सगळं सांगावंच लागलं. म्हातारा, मिशी, सगळं. जाताना एवढंच, "ही तर आबांची चाल हाय."

९ फेब्रु., सोमवार

तालमीत चालून दाखवलं. मग रेश्मा हळू म्हणाली, "काकू, हे कुठून आणलंत?"

"घरातून."

सर डबा खात होते, खायचे थांबले. आज मी घरापर्यंत खुशीत. गाडीत बाजूच्या बाईला उगीच शेंगदाणे दिले.

१४ फेब्रु., शनिवार

जाहिरातीसाठी फोटो काढला. धोतर, पटका, मिशी. डिंकानं ओठ ओढला जातो, हसता येत नाही, त्यामुळं फोटोत फारच करारी आलेय. दीपाला पाठवला. आठवा महिना चालू आहे तिचा, पहिलं बाळंतपण, मार्चमध्ये इकडंच आणायची आहे. तिचा लगेच फोन. बोलताच येईना तिला, नुसती हसतेय. "आई, हसून हसून पोट दुखायलंय, आता बस!"

१७ फेब्रु., मंगळवार

झालं. जाहिरात मोबाईलवर गावभर फिरली. फाट्यावरच्या हॉटेलात कुणीतरी मामांना फोटो दाखवला. मामांनी फोन लांब धरून बघितला आणि म्हणाले,

"हे आमचं थोरलं किसन न्हाय का?"

किसन म्हणजे त्यांचे वारलेले भाऊ. सगळं हॉटेल हसलं. मग कुणीतरी सांगितलं, अवो आबा, किसन कुठला, ती तुमची सून हाय.

मामा घरी आले. जेवले. माझ्याकडं बघितलं नाही. हात धुताना म्हणाले, "फुडच्या शुक्रवारी हाय म्हणं."

"व्हय मामा."

"समद्यांनी आलं तर चालतंय म्हणं."

"व्हय."

शेळ्यांकडं गेले.

१८ फेब्रु., बुधवार

हे म्हणतात, चाल बदल. "बापाची नक्कल करून चार माणसांत हसं केलं म्हणतील. त्यांना काय वाटंल?" रागावून नाही म्हणाले. खरंच काळजी वाटतेय त्यांना. मलाही वाटतेय. मामा शब्दानं दुखावणारे नाहीत, पण दुखावले तर दोन-दोन महिने बोलत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

नक्कल नाही करत मी. पण मंचावर लोक हसणार हे खरं. तात्याला हसायचंच आहे त्यांनी, आधी.

२० फेब्रु., शुक्रवार

तालमीत साधं चालले. रेश्मानं मध्येच थांबवलं. "तात्या कुठंय?" सांगितलं तिला सगळं. तिनं डोकं धरलं, मग खाली माझ्याशेजारी फरशीवर बसली. "काकू, त्या चालीत हसण्यासारखं काय आहे सांगा? तो माणूस घाई करत नाही म्हणून तर रोज उभा राहू शकतो. विचारा ना त्यांनाच."

पोरीला घरातलं काय कळणार असं वाटलं. गाडीत बसल्यावर वाटलं, तिलाच कळलंय.

२१ फेब्रु., शनिवार

विचारलं. गोठ्यात. धार काढून झाली होती.

"मामा, नाटकात मी तुमच्यासारखी चालते. तुमचं चालणं घेतलंय."

"चालणं घेतलंस? मग म्या कशानं चालू?"

हसावं का रडावं कळेना. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटत असलं तर सोडते.

शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "वाईट का वाटंल? चोरी तर न्हाय केलीस. इचारलंस की." मग उठता उठता, "पर नीट चाल."

नीट म्हणजे कसं, ते नाही सांगितलं.

२३ फेब्रु., सोमवार

कला सप्ताह सुरू. पहिलं व्याख्यान लोकनाट्यावर, बाहेरगावचे मोठे अभ्यासक. सभागृह भरलेलं, इतर विभागांची मुलंपण आलेली. छान बोलले. सोंगाड्या मंचावर येतो तेव्हा लोक आधी त्याची चाल बघतात, मग शब्द ऐकतात, म्हणाले. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. कुणीच उठेना. मी मागून विचारलं, ज्याची चाल घेतली तोच समोर बसला असेल तर?

ते डोळे बारीक करून बघायला लागले, "कोण सर विचारतायत? उभे राहा सर."

उभी राहिले. सगळं सभागृह वळून बघतंय. एरवी मी मेले असते. आज नाही वाटलं काही. त्यांनी हात जोडले, म्हणाले, माफ करा ताई, आणि उत्तर आहे: मग जास्त चांगलं करावं लागतं.

टाळ्या. माझ्या प्रश्नाला का त्यांच्या उत्तराला माहीत नाही.

२६ फेब्रु., गुरुवार

काल भारूड, आज समूहगान. पोरी काय गायल्या! ओंकारनं फाट्याचा खांब रंगवला, पिवळा-काळा. शेळी खरी आणायची नाही असं ठरलं, पुठ्ठ्याची केलीय. मामा ऐकून म्हणाले, "पुठ्ठ्याची? ती वरडंल कशी?"

उद्या.

२८ फेब्रु., शनिवार

काल लिहिता आलं नाही. आता चहा घेऊन बसलेय, सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर विसरेन.

गावातून जीप भरून आली. हे, मामा, शेजारच्या दोघी, हॉटेलवाला पण. मामांनी धुतलेला पटका बांधलेला. दुसऱ्या रांगेत बसवलं त्यांना. मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि पटकन पडदा सोडला. रेश्मानं माझी मिशी दाबून बसवली, म्हणाली, काकू, नीट चाला. हे तिला कुणी सांगितलं होतं?

मी मंचावर आले. काठी खांद्यावर, डावा पाय बाहेर. हशा पिकला. आमच्या जीपमधली माणसं सगळ्यात मोठ्यानं, कारण त्यांनी ओळखलं. मामांकडं बघायचं नाही असं ठरवलेलं, तरी नजर गेली. हसत नव्हते. काठीवर हनुवटी टेकून बघत होते. बस, मग मी त्यांना विसरले. तात्याच झाले.

हळूहळू हशा कमी झाला. फाट्यावर ऊन, पाऊस, थंडी, तात्या उभाच; दमला की घडीभर खांबाशी बसतो, परत उठतो. मला समोर कुणी दिसेना.

आणि शेवटी गोंधळ. तात्या हात करतो, गाडीचा आवाज येतो, ब्रेक लागतो, ओंकार येतो, असं आहे. मी हात केला. आवाज येईना. परत हात केला. नाहीच. माईक पण गेला, सगळी ध्वनियंत्रणाच बंद पडली. विंगेतून रेश्मा तोंडावर हात ठेवून बघतेय. सभागृह गच्च.

मग मी काय केलं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात ते लिहिते. काठी खाली टाकली, मंचाच्या अगदी कडेला आले आणि सगळा आवाज काढून ओरडले,

"गाडी थांबंल! मी हाय हितं उभा, गाडी थांबंल!"

हा जाड आवाज मागच्या भिंतीला आपटून परत आला, तो मला ऐकू आला. एवढा आवाज आपल्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. आणि दुसऱ्या रांगेतून मामा उठले. काठी उगारून, खऱ्या ड्रायव्हरला दम द्यावा तसं,

"अय! थांबव की रं गाडी! म्हातारं माणूस दिसंना व्हय?"

मग मागच्या पोरांनी तोंडानंच गाडीचा आवाज काढला, कुणी हॉर्न, कुणी ब्रेक, कुणी बाकं वाजवली, सगळं सभागृहच गाडी झालं. ओंकार शहाणा, त्याच आवाजावर धावत आला, शिट्टी वाजवली, म्हणाला, "चला आजोबा, पुढं सरका."

मी चढले. पडदा.

टाळ्या थांबेनात. लोक उभे. रेश्मा माझ्या गळ्यात पडून रडतेय, मिशी तिच्या केसांना चिकटली. देशमाने सर नुसता माझा हात धरून हलवत राहिले. सोमवारी व्याख्यान दिलेले पाहुणे आठवडाभर थांबलेत. त्यांनी येऊन मामांना नमस्कार केला. मामांनी पण केला, कोण कुठले न विचारता.

जीपमध्ये सगळे एकदम बोलत होते. मामा खिडकीतून बाहेर बघत. मला वाटलं झालं, दोन महिने.

१ मार्च, रविवार

सकाळी अंगणात हाक. "वंदना, भायेर ये."

गेले. मामा उभे, काठी घेऊन.

"बसताना तू गुडघ्यावर हात ठिवलास. म्या न्हाय ठिवत. म्या आधी काठी टेकतो, मग बसतो. हे बघ." बसून दाखवलं. "आता तू."

मी बसले.

"न्हाय. पुन्यांदा."

पाच-सहा वेळा तरी बसवलं. हे ब्रश तोंडात धरून दारात उभे, फेस हनुवटीवर आला तरी शुद्ध नाही. शेवटी मामा म्हणाले, "हां." आणि शेळ्या घेऊन गेले. खांद्यावर काठी, मुद्दाम जरा ऐटीत. मी बघतेय हे त्यांना माहीत होतं.

९ मार्च, सोमवार

सरांनी वर्गात सांगितलं, एकांकिका स्पर्धेच्या पुढच्या फेरीला निवडली. दुसऱ्या शहरात, मोठं नाट्यगृह, तीन दिवस मुक्काम. महिनाअखेर. पोरं नाचायला लागली. मी पण नाचले, मग बसले. दीपाला डॉक्टरांनी पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची वेळ सांगितलीय, पण पहिलं बाळंतपण, लवकर पण होऊ शकतं.

सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाला तयार ठेवू का? रेश्मा मध्येच, "दुसरा तात्या नाही. थांबू आपण, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू."

फोनवर दीपा: "तू जा. बाळ काय तुझ्या नाटकाची तारीख बघून येणार हाय का?"

यांना विचारलं. "मी आहे की घरी," म्हणाले. मग हळूच, "पण मला पण बघायचं होतं तिथलं."

१५ मार्च, रविवार

दीपा परवा आली. पाय सुजलेत जरा, बाकी ठीक. तिला सोडून रोज धाराशिवला जाणं होईना, तर रेश्माच म्हणाली, आम्ही येतो. आज सगळी तालीम आमच्या अंगणात. पोरं गाडीनं आली, पिवळा खांब टपावर टाकून. गल्लीतल्या बाया भिंतीवर, पोरं झाडावर, दीपा खाटेवर पाय वर करून. पुठ्ठ्याची शेळी मामांनी हाकलून लावली आणि खरी आणून बांधली. ती माझ्या तात्याकडं न येता सारखी त्यांच्याकडंच ओढ घेते, सगळे हसून बेजार.

शेवटचा प्रवेश झाला तेव्हा दीपानं पोट धरलं. माझा जीवच गेला. ती म्हणे, "काही नाही गं, लाथ मारली. आवाजाला घाबरलं."

"घाबरलं न्हाय," मामा म्हणाले, "वळखलं."

कधी काय होईल देवीला माहीत. बॅग भरून ठेवलीय. एक दवाखान्याची, एक नाटकाची, दाराशी शेजारी शेजारी.

रेश्मा वही मिटवेना. "काकू, पहिल्यापासून घ्यायचं का?"

घे म्हटलं.