केबलीत अडकलेलं जाळं

मुंबई, फेब्रुवारी १९६४

प्रिय तुळशी,

अक्षर ओळखलंस का? दिवेआगरच्या शाळेत तू माझ्या पाटीवरचं बघून लिहायचीस आणि गुरुजी मलाच धरायचे.

दर्याच्या तळाशी काय असतं, असं तू वाळत्या बोंबलांखाली बसून विचारायचीस आणि मी खुशाल थापा मारायचो. आता तेच माझं काम झालंय. आमच्या जहाजामागे लांब केबलीला बांधलेलं एक यंत्र पाण्यातून ओढत नेतात. जहाजाच्या लोखंडाने ते चुकू नये, म्हणून एवढी लांब केबल. तळाच्या खडकांमुळे चुंबकाची ओढ कुठे वाढते, कुठे घटते, ते यंत्राला कळतं आणि कागदावर नागमोडी रेघ उमटत जाते. त्या रेघा शेजारी शेजारी लावून मी नकाशा काढतो.

गेल्या आठवड्यात मुंबईला परतताना केबल एकदम ताणली. एका होडीचं जाळं तिच्यात गुरफटलं होतं. कप्तान म्हणाला, "कापून टाका." होडीवरचा माणूस हात जोडून ओरडत होता. आवाज ओळखीचा वाटला. तुझा भाऊ बुधाजी! मी कप्तानाला म्हणालो, "साहेब, ही माझ्या गावची माणसं. जहाज थांबवा, मी सोडवतो." तो चिडला, पण थांबला. मग बुधाजी आणि मी दुपारभर गाठी सोडवत बसलो. जाळं वाचलं, यंत्रही वाचलं. त्या दिवसाची रेघ तेवढी अर्धवट राहिली.

बुधाजीने होडीतच बांगड्याचं कालवण वाढलं. पहिल्या घासाला सगळं गाव आठवलं. तुझ्या वडिलांनी श्रीवर्धनच्या लोकांना शब्द दिला, तेही. तुझ्या हळदीला मी गावात असून आलो नाही. पोफळीच्या वाडीत बसून वाजंत्री ऐकत राहिलो.

गाठ सोडवता सोडवता बुधाजी खाली मान घालून म्हणाला, "तुला कोनी सांगितला न्हाय? तुळशीचा घरवाला गेला. पोरीला, रंगूला घेऊन ती आता आपल्या गावातच हाय." पुढचं तुलाच विचारायचं, म्हणून हे लिहितोय. मी अजून लग्न केलेलं नाही. नवरा गेलेल्या बाईने पाट लावून पुन्हा संसार मांडायची आपल्यात रीत आहे. तुळशी, माझ्याशी पाट लावशील? तुझी रंगू माझीही लेक होईल. शिमग्याला मी गावी येतोय. तुझ्या मनात नसेल तर बंदरावर येऊ नकोस. मी काही विचारणार नाही. आईला भेटेन आणि परत जाईन.

तुझाच म्हणायचं धाडस करणारा,
सदा