आवाजाची अट

१६ ऑक्टोबर २००६, गडचिरोली

नोकरी लागली! अब्बा आरमोरीहून सोडायला आले होते. परत जाताना एसटी स्टँडवर रुमालानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. ऑफिस म्हणजे तीन खोल्या, मागे साग. मालक देवराव सरांनी आल्या आल्या समोसे मागवले. इथं एक बोलतं सॉफ्टवेअर बनतं. एटापल्लीकडच्या आरोग्य केंद्रांत संगणक ठेवलेत. बटण दाबलं की एका बाईचा आवाज गोंडीत सांगतो, पाणी उकळा, मच्छरदाणीत झोपा. फार गोड आवाज आहे. सुकरी नाव त्यांचं. भेटायला आवडेल, म्हटलं. सर म्हणाले, गेल्या पावसाळ्यात तापानं वारल्या.

२० ऑक्टोबर

आज सगळा कोड वाचला. पडद्यावरची चित्रं नि बटणं इंटरनेटवरून घेतलेली आहेत. लिहिणाऱ्याची अट एवढीच, की माझं नाव राहू द्या. मग बदला, विका, काहीही करा. पण आवाज जोडणारा भाग जिशानचा. तो माझ्या आधी इथं होता, भांडून गेला. हा भाग त्यानं स्वतःच्या घरी लिहिला, सुकरीबाईंच्या आवाजाचे तुकडेही त्यानंच कापून बसवले. त्याची अट वेगळी आहे. वापरा, वाटा; पण हे ज्यात मिसळाल ते सगळंच याच अटीवर उघडं करावं लागेल. ज्याच्या हाती प्रत जाईल, त्याला कोडही द्यावा लागेल. सरांनी ती अट पुसली आणि सीड्या विकल्या. हे कायद्यात अडकेल, असं मी सांगितलं तर हसले. "जंगलात कोण वाचून राह्यलं थे?"

२६ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीनं जंगूभाऊ आले. सुकरीबाईंचे यजमान. केंद्रातल्या नर्सबाईंनी दिलेली सीडी पंच्यात गुंडाळून आणली होती. घरी संगणक नाही, लाईटही नाही. नुसती जवळ ठेवतात.

"सायमाबाई, थे केंद्रात बोलते. मी जातो ऐकाले. पाणी उकळ म्हणते, तं उकळतो. एकट्यासाठी कोन उकळते? पन थे म्हणते ना."

मग हळूच विचारलं, "बंद तं नाई करत ना तुमी?"

मी नाही म्हटलं.

३ नोव्हेंबर

जिशानच्या वकिलाची नोटीस आली. कोड उघडा करा, नाहीतर वाटप थांबवा. मी सरांना विनवलं, उघडा करू या, म्हणजे कुणालाही प्रत काढता येईल, केंद्रांतला आवाज राहील. "मंग विकू काय? काढ थो भाग. आवाजासकट."

सगळ्या सीड्या परत मागवल्या. जंगूभाऊंचीही आली, अजून पंच्यातच. मी एकेक कात्रीनं कापली. त्यांची कापताना मला काही दिसत नव्हतं.

६ नोव्हेंबर

जिशानचा भाग काढला. आवाजाचे तुकडे पुसले. तपासायला बटण दाबलं. शांत. मग स्पीकरमधून खोकला आला. मागोमाग सुकरीबाईंचा आवाज, आमच्या वाक्यांत कधीच नसलेलं काहीतरी. सरांना गोंडी येते. ऐकून पांढरेफटक पडले. मी अर्थ विचारत राहिले तेव्हा सांगितलं. थंडी वाजते म्हणते, घरी जाऊ द्या म्हणते. याच खोलीत आवाज भरताना म्हणाली होती, अंगात ताप असताना. सरांनी वाक्यं संपेपर्यंत जाऊ दिलं नव्हतं. जिशान भांडला तो त्यावरून.

८ नोव्हेंबर

पुन्हा पुसलं. दुसऱ्या संगणकावर पडद्याचा भाग नव्यानं उतरवला, कोरा, जिशाननं कधी हातही न लावलेला. त्यातूनही तीच. एकदा तिच्याशी जोडलं ते सगळं आता तिच्याच अटीवर —

सर म्हणतात, नवा आवाज भरू. माझा.

१० नोव्हेंबर

देवनागरीत लिहिलेली गोंडी वाक्यं वाचते आहे. मला गोंडी येत नाही. अंगात कणकण आहे. सर म्हणतात, एवढं आटप, मग जा.

ऐकून पाहिलं. आवाज माझाच. वाक्यं — मी ही वाचलीच नव्हती.

आणि मला ती कळली.

१५ नोव्हेंबर

नवी सीडी केंद्रांत गेली. सर नागपूरला निघून गेले. फोन उचलत नाहीत. ताप उतरत नाही. अब्बांना फोन केला, मला न्यायला या म्हटलं. ते विचारतात, कोण बोलून राह्यलं, माझी पोरगी कुठी आहे? मी तर आपल्या घरच्याच भाषेत बोलत होते — अब्बा, मीच —

फोन ठेवला त्यांनी.

१९

जंगूभाऊ दाराशी आलेत. केंद्रात तिला घरी जाऊ द्या म्हणताना ऐकलं म्हणतात, म्हणून न्यायला आले. हाक मारून राह्यले. सायमा नाही म्हणत — सुकरी. सुकरी.

तोंडावर हात दाबून बसले आहे. मी ती नाही. मी आरमोरीची, जलालुद्दीन मास्तरची —

रडतात ते. दाराला डोकं टेकून. इतक्या जिवानं मला कधी कुणी —

ऐकवत नाही. मी ओ दिली —