मांडूळ मोटार मागे जात नाही

बाळकुम,
ता. २२ ऑक्टोबर १९५३

चि. सौ. रंगू हीस महिपतदादाचे अ. उ. आ.

तुझ्या कानावर गेलंच असेल, कारण ठाकुर्लीपर्यंत बातमी पोचवायला आपल्या गोदूबाई आत्याला रेल्वेसुद्धा लागत नाही. होय, मी मोटार घेतली. ठाण्याचे एक पारशी शेटजी म्हातारपणी मुलाकडे राहायला निघाले आणि जाताना ती माझ्या गळ्यात घालून गेले. नाव स्टुडबेकर. अमेरिकेची, सन सत्तेचाळीसची.

चावी देण्याआधी शेटजींनी मला कंपनीचं अख्खं पुराण ऐकवलं. हे स्टुडबेकर मूळचे लोहार. शंभर वर्षांमागे भावाभावांनी घोड्यांच्या गाड्या करायला घेतल्या. त्यातला एक सोन्याच्या खाणींकडे पळाला आणि तिथं सोनं शोधायचं सोडून खाणवाल्यांना हातगाड्या करून विकत बसला. ती कमाई घेऊन तो घरी परतला, धंदा वाढला, मग विजेची मोटार केली, मग पेट्रोलची. रंगू, मला हे फार आवडलं बघ. आपणही मिठाच्या गाड्या हाकणारेच. म्हणजे गाडी घरातल्या घरातच राहिली.

खोड एकच. हिचं पुढचं नि मागचं तोंड सारखंच. मागेसुद्धा ही भली मोठी वळलेली काच. गावानं तिला दुतोंड्या सापाचं नाव ठेवलंय, मांडूळ. दसऱ्याला सखुकाकीनं हळदकुंकू, हार, नारळ सगळं डिकीलाच वाहिलं. मी चूक दाखवली तर म्हणाली, देवाला दोन्ही बाजू सारख्याच. तेव्हापासून मी हार दोन्हीकडं घालतो.

दुसरी खोड मात्र माझ्या हातची. आपल्या गावच्या पंढरीची होडी खाडीच्या चिखलात रुतली होती, ती मी दोर बांधून रिव्हर्समध्ये ओढली. होडी निघाली आणि रिव्हर्स गेला. कंपनीचा यात काडीचा दोष नाही. आता गाडी पुढं जाते, डावी-उजवी वळते, मागं काही येत नाही. तरी भाऊबीजेला मोटारीनंच येतो.

तुझ्या मालनसाठी कोलशेतच्या गुणाजी पाटलांच्या सहदेवचं स्थळ काढलंय. पोरगा कारखान्यात फिटर आहे, निर्व्यसनी आणि हसरा. दाजींना नमस्कार. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
महिपत

*

ठाकुर्ली,
ता. १२ नोव्हेंबर १९५३

ती. महिपतदादास रंगूचा कृ. सा. न. वि. वि.

भाऊबीज छान झाली. साडी वहिनीनं निवडलेली दिसते, कारण चांगली आहे. पण दादा, तू गेल्यापासून आमच्या आळीला दुसरा विषय नाही! येताना काय तो रुबाब. आणि जाताना आळीतले सगळे बाप्ये मोटारीच्या नाकाला खांदा लावून तिला तळ्याच्या कडेनं उलटी ढकलत हमरस्त्यापर्यंत नेतायत, आणि तू आत बसून हात हलवतोयस. हे पॉवरहाऊसची पाळी करून दमून आलेले, त्यांनीही ढकललं. अजून कंबर धरून बसतात आणि म्हणतात, पुढच्या वेळी तुझ्या दादाचं आगगाडीचं तिकीट मी काढतो.

आमची आळी तुला काय नवी आहे? एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला दगडी भिंत आणि शेवटी आमचं अंगण. इथं बैलगाडीसुद्धा बैल सोडून हातानं फिरवावी लागते. आणि तू मागं न जाणारं जनावर घेऊन येतोस.

स्थळाचं वाचून मात्र छातीत धस्स झालं. गुणाजी पाटील म्हणजे तेच ना, जे थोरल्या मुलाच्या लग्नात पानाला काथ नाही म्हणून मांडवातून उठून चालायला लागले होते? पुतणीचं जमलेलंही त्यांच्या रुसव्यापायीच मोडलं असं ऐकते. मुलगा हसरा असेल, पण बाप असा असला तर कसं व्हायचं? नीट चौकशी कर. मोटारीची नको, माणसांची कर.

वहिनीला नमस्कार. रागावलेय, पण तुझीच आहे.

रंगू

*

बाळकुम,
ता. १६ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. रंगूस अ. उ. आ.

घे, तोंड गोड कर. गुणाजीरावांनी होकार दिला. हुंडा नको म्हणाले, सोनं तुमच्या मर्जीनं घाला म्हणाले. अट एकच. वऱ्हाड लॉरीतून येईल, पण वरबाप आणि नवरदेव माझ्या स्टुडबेकरमधून येणार, आणि वरबाप पुढच्या सीटवर बसणार. मी तिथल्या तिथं शब्द दिला. एवढ्या मोठ्या माणसाला एवढीशीच हौस असेल तर ती आपण का मोडायची?

रुसव्याचं तू लिहिलंस ते खोटं नाही. बोलता बोलता चहा जरा उशिरा आला तर त्यांनी पागोटं काखेत घेतलं होतं. पण तेवढ्यात मी त्यांना मोटार दाखवायला बाहेर नेलं आणि पागोटं परत डोक्यावर गेलं. मोटारीचा हा उपयोग कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला नाही.

आणखी एक गंमत. या गाडीत अशी सोय आहे की चढावर क्लच दाबून ठेवला तर ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी मागं घसरत नाही. मुंब्र्याच्या चढावर मी तुझ्या वहिनीला हे करून दाखवलं. तिनं डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. कल्याणच्या एका डॉक्टरांकडेही स्टुडबेकर आहे, नवी, नाकावर विमानासारखा गोळा असलेली. ते म्हणतात, रोगी गाडी बघून इतके खूश होतात की औषध घ्यायचंच विसरतात. अशी ही कंपनी. मागं जाणं तिच्या रक्तातच नाही, मग मी रिव्हर्सचं दुःख कशाला करू?

मालनला आशीर्वाद. आठवण पाठवीत जा, तक्रारी साठवून ठेव.

महिपत

*

ठाकुर्ली,
ता. ११ एप्रिल १९५४

ती. दादास सा. न. वि. वि.

आता थट्टा पुरे. हे पत्र हसत वाचू नकोस.

सहदेव बघायला येऊन गेला तेव्हापासून आमच्या मालनचं कशात लक्ष नाही. तोंडानं काही बोलत नाही, पण कोणी नुसतं कोलशेतचं नाव काढलं की चुलीवर तिची भाकरी करपते. काल मी सहज म्हटलं की बापाचा स्वभाव असा आहे, अजून विचार करू. तर पोर गोठ्यात जाऊन रडली. दादा, मला एकच पोर. हे लग्न मांडवात मोडलं तर ती दुसरीकडे उभी राहायची नाही हे मी तिच्या डोळ्यांत पाहिलंय. मला रात्री झोप लागत नाही रे.

म्हणून सांगते. मोटारीचा रिव्हर्स नीट करून घे, नाहीतर कुणाची चांगली टॅक्सी ठरव. मांडवाच्या तोंडाशी तुझं मांडूळ अडकलं आणि ढकलायला वऱ्हाड्यांना बोलवावं लागलं, तर गुणाजीराव तेवढ्यावरून उठतील. मग मी तुला भाऊबीजेला ओवाळायची नाही. तू मामा आहेस, मुलीला मांडवात तू आणायचंस. आधी वरबाप मांडवात आण म्हणजे झालं.

तुझ्या भरवशावर असलेली,
रंगू

*

बाळकुम,
ता. ३ मे १९५४

चि. सौ. रंगूस आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी. पत्र पोचलं, हसलो नाही. गाडी धाकू मिस्त्रीकडे दिलीय, मुंबईहून गिअरच्या चाकाचे दाते आले तर बघू. वहिनी विचारते, हळदीला किती बायका येतील. भिऊ नको. तुझ्या दादानं आजवर तुला उघड्यावर पाडलंय का?

महिपत

*

ठाकुर्ली,
ता. १९ मे १९५४

ती. दादास रंगूचा कृ. सा. न. वि. वि.

मालन काल कोलशेतहून पहिल्यांदा येऊन गेली. सासू मायेची आहे म्हणते. नवऱ्याबद्दल विचारलं तर पदराआड हसते, म्हणजे सगळं बरं आहे. देव पावला.

तू मोटारीच्या आत होतास, म्हणून बाहेर काय झालं ते ऐक. आम्ही बायका गावदेवीची ओटी भरून परतत होतो. मांडवाकडचा बँड तुमच्या पुढं येऊन उभा आणि आम्ही तुमच्या मागून. बघतो तर आळीच्या तोंडाशी हार घातलेली मोटार, मोठी काच, आणि काचेत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आमच्याकडं तोंड करून हसतोय. शेजारच्या आवडाबाईनं ताट पुढं केलं. मी पाणी ओतलं, तांदूळ टाकले, नारळ फोडला. सहदेव आतून हातवारे करायला लागला, तर मला वाटलं पोरगा लाजतोय. आणि मग पलीकडच्या टोकाला दार उघडलं, गुणाजीरावांचं पागोटं बाहेर आलं, आणि ते गरजले की तुम्ही माझ्या पाठीला ओवाळलंत, हा काय मान झाला! दार धाडकन लागलं.

अगं आई गं! नारळाचं पाणी डिकीवरून ओघळत होतं आणि मला मालनचं तोंड दिसत होतं. संपलं सगळं, असंच वाटलं. आणि मग मोटार हलली ती पुढंच गेली. बँडवाल्यांना काय ठाऊक, ते जोरात वाजवत तुमच्यापुढं चालले. मांडवात पोचेपर्यंत यांनी धावत जाऊन दार उघडलं आणि व्याह्यांना कडकडून मिठी मारली. दादा, तू त्यांना काय सांगितलंस?

आणि आता एक विचारते, खरं सांग. मोटार मांडवाच्या खांबाला नाक लावून उभी होती. मालनला निरोप देताना आम्ही सगळे रडत होतो. हे तर ढकलायला बोलावतील म्हणून आधीच गोठ्यात जाऊन बसले होते. डोळे पुसून बघते तर मोटार आळीच्या तोंडाशी उभी! कुणी ढकलली? मी अख्ख्या आळीला विचारलं. कुणीच नाही.

उत्तराची वाट बघणारी,
रंगू

*

बाळकुम,
ता. २३ मे १९५४

चि. सौ. रंगूस अ. उ. आ.

चौथीपर्यंत शिकवलं तुला, ती आमची चूक झाली. होय बाई, दाते लग्नाच्या आठवडाभर आधी आले. धाकूनं रिव्हर्स असा बसवलाय की लोण्यातून सुरी यावी तशी गाडी मागं येते.

गुणाजीराव दार लावून म्हणाले की गाडी फिरवा, कोलशेतला चला. मागं सहदेवचा श्वास मला ऐकू येत होता. मग काय सुचलं देव जाणे. मी गिअरचा दांडा दोनदा खडखडवला, कपाळावर हात मारला आणि म्हणालो, पाटील, हिला रिव्हर्सच नाही. डावीकडं तळं, उजवीकडं भिंत. गाडी आता पुढंच जाणार, आणि पुढं मांडव आहे. ते म्हणाले की चला मग, पण मी उतरणार नाही. आणि तेवढ्यात दाजींची मिठी. एवढ्या मिठीत बसून राहायला माणूस दगडाचा लागतो.

पण खबरदार! हे त्यांना कळलं तर ते आयुष्यभर रुसतील आणि त्याचा जाच आपल्या पोरीला होईल. पत्र वाचून चुलीत घाल. मालनलासुद्धा बोलू नकोस, ती त्या पोराला सगळं सांगते. मी आता कोलशेतच्या अंगाला गेलो तर वळणं घेत पुढूनच जातो.

तोंड बंद ठेव, माया चालू ठेव.

महिपत

*

कोलशेत,
ता. ३० मे १९५४

रा. रा. महिपतराव भोईर यांसी गुणाजी पाटील यांचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. सूनबाई कामाला हुशार, भाकरी मात्र करपवतात. सहदेव त्या करपलेल्या भाकरीही मागून घेतो, त्यावरून घरात हशा चालतो.

आता थोडं खाजगी. लग्नाच्या दिवशी सकाळी तुम्ही आम्हांस नेण्यास आलात, तेव्हा मी ओटीवर बसून दाढी करीत होतो. आरशात तुमची मोटार अंगणात शिरताना दिसली. ती पुढून येते की मागून, हे तुमच्या त्या मोटारीकडे पाहून कुणाच्या बापाला कळणार नाही. परंतु काचेत तुमचे टक्कल आधी दिसले आणि तोंड नंतर, त्यावरून मी ताडले की आपण उलटे येत आहात. रिव्हर्स उत्तम होता.

तेव्हा ठाकुर्लीस तुम्ही कपाळावर हात मारलात, त्याच क्षणी मी ओळखले. तरीही मी गप्प राहिलो, ते का, हे सांगतो. थोरल्याच्या लग्नात मी रुसून उठलो, तेव्हा मला वाटले होते कोणीतरी धरून बसवील. कोणी धरले नाही. मी उन्हातून स्टेशनापर्यंत चालत गेलो आणि माझ्या पोराच्या डोक्यावर अक्षता पडताना मला दिसल्या नाहीत. रुसलेल्या माणसाला आपण होऊन माघारी येता येत नाही, महिपतराव. त्या दिवशी मी फिरवा म्हणालो खरा, पण मागच्या सीटवरून सहदेवने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तुम्ही रिव्हर्स नाही म्हणालात आणि माझ्या जिवात जीव आला.

रंगूबाईंना सांगावे की पाठीला ओवाळलेले मला अजिबात लागलेले नाही. आमच्या पुतणीचे, शालूचे लग्न मार्गशीर्षात धरले आहे. मोटार घेऊन अवश्य यावे, मी पुढेच बसेन. कोणत्याही गोष्टीवरून मी उठेनच. तेव्हा रिव्हर्स नाही, हे सर्वांना ऐकू जाईल असे मोठ्याने सांगावे.

लोभ पुढेच जाऊ द्यावा.

आपला व्याही,
गुणाजी पाटील