थोरल्याच्या नावाचं वॉरंट

छोट्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते, पण आज हात धजत नाही.

शाळेच्या बसचा परवाना नवा करायला पोलिसांचा दाखला लागतो म्हणून ठाण्यात गेलो, तर हवालदार म्हणाला, "तुमच्यावर वॉरंट आहे." मला हसू आलं. चौदा वर्षं पोरांची ने-आण करतोय मी! कोर्टात कारकुनाने फाइल काढून वाचली: दारू पिऊन मोटरसायकल भिंतीवर घातली, जामिनावर सुटला, तारखेला आलाच नाही. नाव माझं, पत्ता माझा, खाली सहीही माझी, अगदी शेवटच्या फराट्यासकट. पकडल्यावर थोरल्याचं नाव सांगून मोकळा झालास! जनाची नाही, मनाची तरी?

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "सही तुमचीच ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण ठोकायचं? मीच. शेजारी बसून तू टक लावून बघायचास. स्वतःचीच किळस आली.

"नाही," म्हणालो. अपघाताच्या वेळी मी बसवर होतो, ती हजेरी दाखवली. माझ्यावरचं वॉरंट रद्द झालं. मग बाईंनी तुझा पत्ता विचारला. खरा होता तो लिहून दिला, तुझ्या सासुरवाडीचा.

म्हणूनच हे पत्र टाकणार नाही. पोलिसांच्या आधी पोहोचलं, तर तू पळशील.

तुझा दादा

(खाली सही करत नाही. तुला आणखी एक नमुना कशाला?)