चौथी फीत

प्रिय इर्मी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. माझ्या साठीची भेट म्हणून तू माझी लष्करातली फितींची पट्टी चौकटीत बसवणार आणि खाली प्रत्येक पदकाचं नाव छापून लावणार, हे वाचून आधी हसू आलं. बोटभर पट्टीवरच्या चार फिती, आणि त्यांच्यासाठी तू दोन ग्रंथालयं पालथी घातलीस, कासेलच्या त्या जुनी पदकं विकणाऱ्या नाणीवाल्याचं डोकं खाल्लंस! तू पोरांच्या वह्या तपासतेस, तशी मी तुझी यादी तपासली. तीन बरोबर, एक चूक.

पहिली, मध्ये लाल आणि कडेला काळी, आयर्न क्रॉसची. बरोबर. दुसरीत तेच रंग उलटे, मध्ये काळा आणि कडेला लाल, म्हणजे युद्धसेवा क्रॉस. तिच्यावरच्या दोन इवल्या तलवारी बघून तू ते पदक लढाईतलं आहे हे ओळखलंस. शाब्बास, तिथे भलेभले घसरतात. तिसरी गडद लाल, पूर्वेच्या आघाडीवरच्या पहिल्या हिवाळ्याची. तिला आम्ही ‘गोठलेल्या मांसाचं पदक’ म्हणायचो, आणि ज्यांची बोटं थंडीनं झडली होती तेच त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

चौथी हिरवी, पांढऱ्या काठाची. नाणीवाला तुला म्हणाला, “ही कुठल्या तरी शिकार मंडळाची दिसते बाई, सरकारी पदकांच्या रांगेत हिचं काय काम? उसवून टाका.” उसवू का, असं तू विचारलं आहेस. त्या बिचाऱ्याला दोष देऊ नकोस. तुझ्या आईला मी हेच सांगितलं होतं आणि तुलाही. बाप वनपाल, त्याच्या छातीवर हिरवी फीत, कोण कशाला शंका घेईल?

ती फीत लष्कराचीच आहे. पूर्वेकडे आपण जिंकलेल्या मुलखातली जी माणसं आपल्या बाजूनं लढायला उभी राहिली, त्यांच्यासाठी ते पदक काढलं होतं. त्यांच्या तुकडीत काम करणाऱ्या जर्मन माणसालाही ते कधी कधी मिळे. म्हणजे ती फीत ज्याच्याकडे आहे तो कुणाबरोबर हिंडत होता, हे जाणकाराला बघताक्षणी कळतं. आमच्या तुकडीचा लेफ्टनंट होता विगांड. हो, तुझे सासरे. आमची ओळख युद्धानंतर एका शिकारीत झाली, असं आम्ही तुम्हा सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे.

त्रेचाळीसचा फेब्रुवारी, बेलारूसची दलदल. नकाशावर त्या गावाला नाव नव्हतं, फक्त आकडा होता. आम्ही पोचलो तेव्हा चुली गरम होत्या आणि घरं रिकामी. विगांड मला म्हणाला, “अल्बिन, तू रानातला माणूस. शोध बघू, कुठे दडलीत ही पाखरं?” मला शोधावंही लागलं नाही. बर्फावर सगळं लिहिलेलं होतं. म्हाताऱ्याच्या काठीची भोकं, घसरगाडीच्या दोन रेघा, लहान बुटांचे ठसे. मला ‘काही दिसत नाही’ म्हणता आलं असतं. माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. मी हातानं झाडी दाखवली, आणि आपली नजर किती तयार आहे याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला.

विगांडनं अगदी हाक्याची शिकार मांडली. तुकडीतली अर्धी माणसं आरडाओरडा करत, झाडांवर दांडकी बडवत आत शिरली आणि उरलेले आम्ही मोकळ्या अंगाला रांगेत उभे राहिलो. ते बाहेर आले. काही हात वर करून, काही धावत. मशीनगन सुरू झाली तशी धावणारे आधी पडले. माझ्यासमोर एक बाई आली. ती धावत नव्हती. तिनं एका मुलाचा हात धरला होता आणि ती त्याच्या चालीनं चालत होती. मी आधी तिला मारलं. मूल तिचा हात सोडेना, म्हणून दुसरी गोळी घालायला मला नेम बदलावाही लागला नाही. इर्मी, हे वाक्य लिहायला मला एकवीस वर्षं लागली. जखमी उरले त्यांना आमच्या माणसांनी संगिनीनं भोसकलं. ज्या धान्याच्या कोठारात म्हातारे लपले होते, ते बाहेरून कडी घालून पेटवलं. आतले ओरडायचे थांबले, तरी छप्पर बराच वेळ जळत होतं.

मग विगांडनं प्रेतं ओळीनं मांडायला लावली. शिकार संपल्यावर आपण मांडतो ना, आधी हरणं, मग डुकरं, मग ससे, तशीच. आधी पुरुष, मग बायका, मग पोरं. त्यानं फर झाडाची एक डहाळी मोडली, रक्तात बुडवली आणि माग काढणाऱ्याचा मान म्हणून टोपी काढून माझ्यापुढे धरली. “शिकाऱ्याचा जय असो!” म्हणाला. त्याला ठरलेलं उत्तर असतं, ते तुलाही पाठ आहे. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. “शिकाऱ्याचे आभार.” डहाळी मी टोपीत खोवली आणि संध्याकाळपर्यंत मिरवली. मी जे केलं त्याची मला शिसारी येते, पण त्या दोन शब्दांनी मी अजूनही जेवता जेवता ताटावरून उठतो. तुझी आई म्हणायची, यांचं पोट नाजूक आहे.

दोन महिन्यांनी आम्हा दोघांना हिरवी फीत मिळाली. सत्तावन्न साली जुनी पदकं स्वस्तिक काढून पुन्हा लावायला परवानगी आली, तेव्हा आम्ही नव्या पट्ट्या शिवून घ्यायला बरोबरच गेलो. त्यानं तीनच फिती सांगितल्या. माझ्या चार बघून मला कोपरानं ढोसलं, “तुला हिरव्याची काय कमी रे? रानात बघ की!” मी ऐकलं नाही. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता बरं का. तीनपेक्षा चार बऱ्या दिसतात, एवढंच.

आता त्या गावाबद्दल विगांडची चौकशी चालू आहे. तुझ्या नवऱ्यानं, लुट्सनं, आपल्या वडिलांची ही चौकशी तुला किरकोळ म्हणून सांगितली असेल. विगांडनं शपथेवर सांगितलं आहे की तो त्या वर्षी नॉर्वेत कोठार सांभाळत होता. तुकडीचे कागद जळाले, साक्षीदार उरले नाहीत. गेल्या रविवारी तो माझ्याकडे आला, दोन पेले रिचवले आणि म्हणाला, “तू फक्त गप्प बस, अल्बिन. आपली नात एकच आहे.” मी त्याला दारापर्यंत सोडायलाही गेलो.

आज सकाळी मी सरकारी वकिलाकडे जाऊन सगळं सांगून आलो, त्याचं आणि माझंही. त्यांनी पुरावा मागितला. पट्टीच्या डबीतलं मखमलीचं अस्तर वर काढ, खाली चार घड्या घातलेला कागद सापडेल. हिरव्या फितीचं प्रमाणपत्र आहे ते, तुकडीचं नाव आणि तारखेसह. सोमवारी दहा वाजता दोन माणसं तुझ्याकडे ते न्यायला येतील. त्याआधी विगांडचा फोन येईल. लुट्स रडेल, जाळून टाक म्हणेल, आणि मला वाचवायचं म्हणून तुलाही तसंच वाटेल. जाळलंस तर त्या माणसांच्या बाबतीत गप्प बसलेली तिसरी तू असशील, आणि ते मला तुझ्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. वाढदिवसाचं काही करू नकोस, मी तेव्हा घरी असेनच असं नाही. कागदावर वर माझं नाव आहे, खाली विगांडची सही. दोन्ही वाच, आणि त्यांच्या हातात दे.

तुझाच,
बाबा